मुंबईच्या हवेत बोल्ट-ॲक्शन रायफलीचा स्टॉक: अक्रोड, लॅमिनेट की सिंथेटिक?

लोलक

परवानाधारक मित्रांमध्ये स्टॉकचा, म्हणजे नळी आणि यंत्रणा ज्यात बसते त्या रायफलीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘लाकूड चांगले की प्लास्टिक?’ असाच येतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात. रायफल खांद्याला लावल्यावर गाल मान न ताणता योग्य उंचीवर टेकतो का, आणि पोलादी ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट सामावणारा यंत्रणेचा भाग) स्टॉकमध्ये बारा महिने एकाच ताणाने बसून राहते का? मुंबईत राहणाऱ्याला यातली दुसरी गोष्ट फार जड जाते, म्हणून हा धागा काढला आहे.

आमच्या घरी आजोबांच्या काळातली, मॉझर पद्धतीच्या ॲक्शनची, .३०-०६ या काडतुसाची स्पोर्टिंग रायफल आहे. ती शिकारीसाठी घेतलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिचे रानातले काम संपले. आता ती वारसाने, रीतसर परवान्यावर माझ्याकडे आली आहे आणि केवळ निशाणावर चालते. तिला अक्रोडाचा एकसंध स्टॉक आहे. तो ठेवावा, की त्याच्या जागी लॅमिनेट (लाकडाचे पातळ थर चिकटवलेला) किंवा सिंथेटिक बसवावा, असा विचार चालू आहे.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते हे आपण सगळेच जाणतो. पण त्यामुळे रायफलीत नेमके काय बिघडते याकडे फारसे कोणी पाहत नाही. हिवाळ्यात हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ११-१२ टक्के पाणी असते. जुलैमध्ये आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ च्या वर राहिली की तेच प्रमाण १७-१८ कडे सरकू लागते. तेलपॉलिशमुळे हा बदल लांबतो, पण थांबत नाही. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. आडवे मात्र वाढते, आणि अक्रोडाच्या बाबतीत ही वाढ ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण पाव टक्का धरायला हरकत नाही.

आता ॲक्शन आणि खालची ट्रिगर-गार्डची पट्टी यांच्यामध्ये २५ मिलिमीटर लाकूड आहे असे समजू. ओलावा ५ टक्क्यांनी वाढला की ते सुमारे ०.३ मिलिमीटरने जाड होऊ पाहते. वर पोलाद, खाली पोलाद आणि दोन्ही बाजूंनी आवळलेले स्क्रू असल्यामुळे त्याला वाढायला जागाच मिळत नाही आणि आतले तंतू चेपले जातात. डिसेंबरात लाकूड सुकते तेव्हा ते मूळच्या जाडीवर येऊन थांबत नाही, त्याहून थोडे कमी भरते. ज्या स्क्रूचे आटे एका फेऱ्याला सुमारे एक मिलिमीटर पुढे जातात, तो पावसाळ्याआधी पक्का आवळलेला स्क्रू आता सहज पाव फेरा फिरतो. तो आपण पुन्हा आवळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तंतू पुन्हा चेपले जातात. अशी बरीच वर्षे गेली की स्क्रूच्या भोकाभोवतीचे लाकूड काळपट, तेलकट आणि मऊ होते, आणि ॲक्शन प्रत्येक गोळीनंतर केसभर वेगळ्या जागी बसू लागते. नेम धरणारा बिचारा स्वतःच्या चापावरच्या बोटाला दोष देत राहतो.

दुसरी अडचण नळीखालच्या लांब भागाची आहे. तंतू तिरके गेले असतील किंवा एका बाजूचे पॉलिश झिजले असेल, तर हा भाग ओलाव्याने एका अंगाला वाकतो आणि नळीला टेकतो. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकी मरीन दलाला हाच अनुभव आला. १९६६ मध्ये घेतलेल्या एम-४० या बोल्ट-ॲक्शन रायफलींना अक्रोडाचे स्टॉक होते. ते फुगू आणि वाकू लागले, म्हणून सत्तरच्या दशकात त्या रायफलीची सुधारित आवृत्ती फायबरग्लासच्या स्टॉकमध्ये बसवली गेली. शिकारी रायफलींमध्ये फायबरग्लासला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

तरीही अक्रोड टाकून द्यावा असे मला वाटत नाही. या दोन्ही दोषांवर इलाज आहेत. पहिल्यासाठी स्क्रूच्या भोकांत ॲल्युमिनियमचे पिलर, म्हणजे छोट्या नळकांड्या बसवतात. त्यांच्यामुळे पोलादावर पोलादाचा ताण थेट धातूतून जातो आणि लाकूड त्या ताणातून मोकळे होते. त्याच्या जोडीला ॲक्शनखाली इपॉक्सीचे बेडिंग (ॲक्शनच्या आकाराची पक्की बैठक) करून धक्का झेलणाऱ्या लगची, म्हणजे ॲक्शनखालच्या पोलादी उंचवट्याची, मागची बाजू घट्ट टेकवायची, आणि त्याच्या पुढे, खाली व दोन्ही अंगांना किंचित मोकळीक ठेवायची. दुसऱ्या दोषासाठी नळी पूर्ण मोकळी ठेवायची, आणि ती मोकळीक कागद जेमतेम सरकेल एवढी न ठेवता एक-दीड मिलिमीटर तरी ठेवायची, म्हणजे पावसाळ्यातले वाकणे तिच्यात सामावते. एवढे केल्यावर अक्रोड आणि फायबरग्लास यांच्यातले अंतर बरेच कमी होते, असा माझा अंदाज आहे. जाणकारांनी आपली मते द्यावीत.

---

सुतारपक्षी

लोलक साहेब, लाकडाबद्दल आपण जे लिहिले आहे ते बरोबर आहे. आमच्या घरचा धंदा फर्निचरचा, त्यामुळे लाकडाच्या अंगाने थोडी भर घालतो.

स्टॉक निवडताना लोक लाकडावरची नक्षी पाहतात. मी सर्वांत आधी मनगटाची जागा पाहतो, म्हणजे चापामागचा जो बारीक भाग आपण मुठीत धरतो तो. तिथून तंतू सरळ, पकडीच्या वळणाला समांतर गेले पाहिजेत. धक्क्याचा सगळा जोर या सर्वांत बारीक भागातून खांद्याकडे जातो. तंतू तिरके असतील तर स्टॉक फुटतो तो तिथेच. गाठीगाठींची, धुरासारख्या रेषांची सुंदर नक्षी दस्त्याच्या (खांद्याकडच्या भागाच्या) मागच्या रुंद भागात शोभते आणि तिथे ती चालते. हीच नक्षी मनगटात किंवा नळीखाली असेल, तर तो स्टॉक कितीही देखणा असला तरी मी घेणार नाही.

दुसरी गोष्ट पॉलिशची. बाहेरून आरशासारख्या चकचकीत केलेल्या स्टॉकचे ॲक्शन काढून आत पाहा. बहुतेक वेळा नळीची खाच, मॅगझिनची पोकळी आणि दस्त्याच्या टोकाला रबरी पॅडखालचे लाकूड कोरडे, उघडे असते. दस्त्याच्या टोकाला तर तंतूंची तोंडेच उघडी असतात आणि ओलावा सर्वांत वेगाने तिथूनच शिरतो. बाहेर चार हात देण्याऐवजी आत दोन हात पातळ इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन दिले, तर स्टॉक पावसाळ्यात कितीतरी कमी हलतो. जवसाचे तेल दिसायला सुंदर आहे आणि हाताला त्याची ऊब छान लागते. पण एकट्या जवसाच्या तेलावर आपल्याकडे पावसाळ्यात बुरशी धरते, कारण तेलच बुरशीचे खाद्य होते. तेल हवेच असेल तर आतून इपॉक्सी आणि बाहेरून तेल, असा मेळ घालावा.

लॅमिनेटबद्दल माझे मत फार अनुकूल आहे. सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे पापुद्रे रेझिनमध्ये भिजवून, दाबाखाली चिकटवून हा ठोकळा तयार होतो. एका पापुद्र्याला डावीकडे वाकायचे असेल तर शेजारच्याला दुसरीकडे, आणि मधे गोंदाची भिंत. त्यामुळे एकूण ठोकळा जागचा हलत नाही. मात्र तोही लाकूडच आहे, त्याच्या कापलेल्या कडा बंद कराव्याच लागतात. त्याची खरी किंमत वजनात मोजावी लागते. त्याच आकाराच्या अक्रोडापेक्षा तो पाव ते अर्धा किलो जड भरू शकतो.

एक विनंती. आत पॉलिश करायचे असेल तर फक्त सुटा केलेला स्टॉक सुताराकडे न्यावा. ॲक्शन आणि नळी कोणत्याही कारखान्यात ठेवू नये.

---

रानवाट

मी मूळचा डोंबिवलीचा, सध्या न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे बाहेरून आणलेली हरणे जंगलाचे फार नुकसान करतात, त्यामुळे त्यांच्या शिकारीला कायद्याने मुभा आहे आणि मी परवान्यावर तांबड्या हरणांच्या मागे जातो. इथला पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण दिवसभर ओल्या झाडीतून घासत चालावे लागते. त्यामुळे इथल्या लोकांच्या हातात बहुधा स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक स्टॉक दिसतो. त्यामागे सोय आहे: ओरखडा पडला तर पडला, चिखल लागला तर धुतला.

परंतु ‘सिंथेटिक’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे नवख्यांनी लक्षात घ्यावे. साच्यात ओतलेला, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा स्वस्त स्टॉक ही एक वस्तू आहे; हाताने थर चढवलेला फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा स्टॉक ही पूर्ण वेगळी. पहिला पाण्याने फारसा फुगत नाही, पण त्याचा पुढचा भाग लवचिक असतो. दुकानात एक परीक्षा करावी. एका हाताच्या मुठीत नळी आणि स्टॉकचे पुढचे टोक एकत्र धरून दाबावे. मधली फट बंद होऊन स्टॉक नळीला टेकला, तर बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा पिशवीवर टेकवून झाडताना तो तसाच टेकेल, आणि दर वेळी वेगळ्या जोराने. अशा प्लास्टिकपेक्षा चांगले बेडिंग केलेला अक्रोड केव्हाही बरा.

वजनाबद्दल सुतारपक्षींनी लिहिले आहे, त्याची दुसरी बाजू सांगतो. डोंगर चढताना हलका कार्बनचा स्टॉक हवाहवासा वाटतो, पण रायफल हलकी झाली की धक्का वाढतो. दुर्बिणीसह ४ किलोची रायफल ३.४ किलोवर आणली, तर त्याच काडतुसाला खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. ज्याला दिवसातून एखादीच गोळी झाडायची आहे त्याने ते सोसावे. रेंजवर एका बैठकीत वीस-पंचवीस गोळ्या .३०-०६ मधून झाडणाऱ्याने मात्र मुद्दाम हलकेपणा विकत घेऊ नये. लोलक यांची रायफल आता डोंगर चढणार नाही; त्यांच्यासाठी लॅमिनेटचे वजन हा गुणच आहे.

पोकळ प्लास्टिकचा आणखी एक दोष रानात जाणवतो, तो आवाजाचा. फांदी घासली की डबा वाजावा तसा आवाज येतो आणि सावध हरीण तेवढ्यावर निघून जाते. काही जण आत फोम भरून तो कमी करतात.

---

अचूक

लोलक काका, आपण गालाचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर ठेवलात आणि मग सगळी चर्चा लाकडावर गेली. मी .२२ ची बोल्ट-ॲक्शन रायफल चालवते आणि माझी उंची कमी आहे, म्हणून या बाजूने लिहिते.

शिकारी रायफलींच्या तयार स्टॉकमध्ये चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साधारण साडेतेरा इंच, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या आसपास असते. हे माप मध्यम उंचीच्या, थंड प्रदेशात जाड कपडे घालणाऱ्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून रूढ झाले आहे. आपल्याकडे सुती शर्टावर रायफल धरली जाते, हे खरे तर लांबी थोडी वाढवायचे कारण आहे. पण ठेंगण्या व्यक्तीला तीच लांबी इतकी जास्त होते की कोपर ताठ होते, मान पुढे काढावी लागते आणि दस्ता खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडावर येतो. दंडावर बसलेला .३०-०६ चा धक्का काय करतो, हे निळ्या डागांनी अनेकींना समजले आहे. उलट स्टॉक फार आखूड असेल तर डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो आणि धक्क्याने भुवईवर चंद्रकोर उमटते. दुर्बीण डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर राहील अशी बसवूनच लांबी ठरवावी.

कोपराच्या काटकोनात दस्ता ठेवून बोट चापापर्यंत पोहोचते का, ही दुकानातली परीक्षा अपुरी आहे. डोळे मिटून, रिकामी आणि तपासलेली रायफल सुरक्षित दिशेला खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. दुर्बिणीत पूर्ण गोल, कडेला काळी सावली नसलेले चित्र दिसले तर स्टॉक आपल्या मापाचा आहे.

जुन्या शिकारी स्टॉकमध्ये हे बहुधा जमत नाही, कारण ते नळीवरच्या माशीने (नेमाच्या खुणेने) नेम धरण्यासाठी घडवलेले असतात. दुर्बीण वर बसली की डोळा दोन-तीन सेंटिमीटर उंच न्यावा लागतो. गाल सुटतो आणि हनुवटीच टेकते. माझ्या मते बेडिंग कितीही उत्तम झाले, तरी डोके प्रत्येक गोळीला वेगळ्या जागी असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून नवा स्टॉक घेणाऱ्याने साहित्यावर पैसे घालण्याआधी गालाची उंची आणि दस्त्याची लांबी कमीजास्त करता येते का, ते विचारावे.

---

तीनशेपंधरा

आपल्या देशात वारसाने आलेल्या कितीतरी रायफली .३१५ बोअरच्या, इशापूरच्या कारखान्यातल्या, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धर्तीच्या आहेत. त्यांना वरचा बराचसा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून इथे नोंद करतो.

या रायफलींचा स्टॉक दोन तुकड्यांचा असतो. मागचा दस्ता पोलादी खोबणीत बसतो आणि आतून जाणाऱ्या लांब बोल्टने आवळला जातो. नळीखालचे लाकूड स्वतंत्र असते. या रचनेचा एक मोठा फायदा म्हणजे केवळ दस्ता बदलून लांबी बदलता येते. लष्करी ली-एनफिल्डसाठी तर वेगवेगळ्या लांबीचे दस्ते अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने बनवले जात. अचूक ताईंच्या अडचणीवर हा शंभर वर्षांपूर्वीचा सोपा तोडगा होता.

पुढच्या लाकडाचे मात्र वेगळे आहे. धक्का झेलण्याचे काम ॲक्शनच्या मागच्या कोपऱ्यांना टेकणाऱ्या लाकडाच्या दोन छोट्या पृष्ठभागांवर असते. ते झिजले किंवा आक्रसले की पुढचे लाकूड मागे सरकते आणि शेपटीकडे उभी चीर पडते. इशापूरला दुरुस्त झालेल्या लष्करी रायफलींमध्ये पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला दिसतो, तो लाकूड उभे चिरू नये म्हणूनच. शिवाय लष्करी ली-एनफिल्डची नळी मुळात मोकळी ठेवलेली नसते. पुढच्या टोकाशी लाकूड तिला खालून ठरावीक दाबाने उचलून धरते. अशा रायफलीत कोणाच्या सांगण्यावरून नळीखालचे लाकूड सरसकट तासून टाकू नये. आधी मागचे दोन पृष्ठभाग दुरुस्त करून पाहावेत.

आणि एक धोक्याची सूचना. जुन्या नमुन्यात दस्त्याच्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न उतरवता मागून बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक आतून लाकूड फोडते. दस्ता ढिला वाटतो म्हणून मागून लांब पेचकस घालून जोर लावणाऱ्यांनी असे अनेक चांगले स्टॉक फोडले आहेत.

---

लोलक

सर्वांचे मनापासून आभार. तीनशेपंधरा यांनी दिलेली माहिती मराठीत अशी एकत्र माझ्या वाचनात आली नव्हती. अचूक, तुझे म्हणणे मान्य आहे. आमच्या रायफलीवरही दुर्बीण नंतर बसवलेली आहे आणि गाल टेकत नाही. अक्रोड कापून त्यात यंत्रणा बसवण्यापेक्षा दस्त्यावर बांधायची चामडी गालपट्टी घेऊन, आत पातळ पत्रे घालत उंची जुळवणे मला योग्य वाटते. मात्र ती पट्टी रेंजवरून आल्यावर सोडून ठेवायची, कारण तिच्याखाली घामाची ओल कोंडते आणि पॉलिश पांढरे पडते.

विचारांती अक्रोड ठेवायचे ठरवले आहे. मनगटातले तंतू सरळ आहेत, चीर कुठेही नाही, आणि खराब झालेला भाग फक्त स्क्रूंभोवतीचा आहे. पिलर आणि बेडिंगचे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घेणार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा त्याचा परवाना पाहूनच रायफल द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी. काम नोव्हेंबरच्या अखेरीस द्यायचे आहे. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात पिलर लाकडाच्या सपाटीला घासून बसवले, तर हिवाळ्यात लाकूड खाली जाते, पिलर वर राहतात आणि ॲक्शन केवळ दोन बिंदूंवर तोलली जाते. तोपर्यंत स्टॉक सुटा करून, एसी नसलेल्या खोलीत आडवा ठेवून सावकाश सुकू देणार आहे. हीटर किंवा उन्हाने घाई केली तर मनगटात चिरा पडण्याचा धोका आहे.

नवीन रायफल किंवा नवीन स्टॉक घेणाऱ्या मुंबईकराला मात्र मी लॅमिनेटच सुचवीन. हाताळणी अक्रोडासारखी, दमट हवेत वागणूक बरीच स्थिर, आणि धक्का कमी करणारे वजन, हे तिन्ही त्यात आहे. नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेला मॅनलिकर पद्धतीचा स्टॉक कितीही मोहात पाडत असला तरी समुद्राजवळ राहणाऱ्याने तो टाळावा, कारण जितका जास्त लाकडाचा भाग नळीलगत, तितके वाकण्याचे आणि गंजण्याचे प्रसंग जास्त.

---

सुतारपक्षी

गंजाचा विषय निघालाच आहे म्हणून एवढेच लिहितो. स्टॉक कोणताही असो, पावसाळा संपल्यावर एकदा ॲक्शन बाहेर काढून नळीची खालची बाजू पाहावी. लाकूड ओल धरून ठेवते आणि प्लास्टिकमध्ये पाणी साचून राहते. दोन्हींत गंज वरून दिसत नाही. पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, स्क्रू टॉर्कच्या पान्याने पूर्वीच्याच मापाला आवळावेत. बिनपिलरच्या लाकडाला साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर पुरे होतात, ॲल्युमिनियमच्या पिलरना ७ च्या आसपास चालतात. उत्पादकाने आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. तो आकडा परवान्याच्या झेरॉक्ससोबत एका कागदावर लिहून ठेवावा. आणि रायफल चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नये. कुलूपबंद लोखंडी कपाटात ती उघडीच उभी करावी, शेजारी सिलिका जेलची पिशवी असावी, आणि तिच्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावेत.